सिक्स सेन्स

शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो टायपिंगवाला बसतो ना, त्याच्यावर माझा पहिल्यापासून संशय. कॉम्प्युटरचं तोंड कायम स्वतःकडे. अर्ज आपला, पण आपल्याला दिसू द्यायचा नाही. वाचताना ओठातल्या ओठात तेलुगू पुटपुटतो आणि मध्येच हसतो.

सुनेनं मुलींच्या वसतिगृहात रेक्टरच्या जागेसाठी इंग्रजीत अर्ज लिहिला होता. कुठली मुलगी अडचणीत आहे हे मला 'सिक्स सेन्स'नं कळतं, असं त्यात होतं. टाईप करताना तिथं तो थांबला.

"मावशी, सिक्स न्हाय, सिक्स्थ पायजे."

"बी.ए. झालीय ती! आहे तसं टाईप कर की."

त्यानं पंजा पुढं धरला. "डोळा, कान, नाक, जीभ, कातडी. पाच झाले. न बघता कळतं ते सहावं." दुसऱ्या हाताचा अंगठा त्याच्याशेजारी उभा केला. "सहा न्हाय ओ, सहावं."

आणि मला न विचारता बदलून कागद हातात दिला.

याच्या शहाणपणानं पोरीची नोकरी जायची! मी तशीच शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय की. बोलताना आपण सगळेच चुकतो."

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून त्याच्या दुकानावरून निघाले होते.

"मावशी, बाईंना दाखवून आलात न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं रे?"

त्यानं नुसता पंजा धरला आणि शेजारी तो अंगठा उभा केला.

संशय गेला म्हणता? उलट वाढला. आता त्याच्यासमोर मनातसुद्धा बोलायची चोरी.