माकडटोपीवाला

जर्मनीत, कायझर्सलाउटर्नच्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये शेजारच्या टेबलावर एक नागपूरकर बसायचा. थंडीला इतका भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ऑक्टोबरात चढवलेली माकडटोपी एप्रिलपर्यंत डोक्यावरून उतरत नसे, अगदी कँटीनमध्ये सूप पितानाही. कुणा जर्मनाने हवेसाठी खिडकी उघडली, की "आल्झो, मारायचंच ठरवलंय का आम्हाला?" असं मराठीत पुटपुटत हा ती लावून यायचा. 'आल्झो' म्हणजे 'तर मग' आणि 'गेनाऊ' म्हणजे 'अगदी बरोबर', हे दोन जर्मन शब्द त्याच्या मराठीत कायमचे घुसले होते. त्याला चिडवायला म्हणून मी भर थंडीत बोडक्या डोक्याने हिंडायचो.

एका फेब्रुवारीत कॉन्फरन्ससाठी आम्ही दोघं जपानला, सप्पोरोला गेलो. तिथे बर्फाच्या शिल्पांचा उत्सव भरला होता. किल्ला झाला, देवमासा झाला. याने हातमोजे न काढता डिजिटल कॅमेऱ्याने दोन हललेले फोटो काढले आणि म्हणाला, "गेनाऊ, छान आहे. चल आता हॉटेलवर."

वळणावर बर्फाची बुद्धमूर्ती दिसली.

तो थांबला. आधी माकडटोपी काढली, मग हातमोजे. मग खाली वाकून सावकाश बुटांच्या नाड्या सोडल्या आणि नुसत्या मोज्यांनिशी बर्फावर उभं राहून त्याने हात जोडले.

"अरे, पाय गोठतील तुझे!"

"गोठतायत," तो डोळे न उघडता म्हणाला.

आपणही काहीतरी काढावं असं मला फार वाटलं. टोपी माझ्याकडे नव्हतीच. बूट होते, पण ते काही काढवले नाहीत.