‘कंटाळून’ हा शब्द खोडणाऱ्या बाई

आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे ‘खोडरबर’ म्हणत. तोंडावर अर्थात ‘बाई’. बातमीदारांनी आणलेल्या बातम्या तपासायच्या, कापायच्या आणि पानात बसवायच्या, हे बाईंचं काम. माझं खेळाचं पान शेजारच्याच टेबलावर लागायचं, त्यामुळे त्यांची कापाकापी मी रोज बघायचो. एका शब्दावर त्यांचा दात होता: ‘कंटाळून’. आजाराला कंटाळून, बेकारीला कंटाळून अमक्याने जीवन संपवले. तो शब्द दिसला रे दिसला की बाईंनी खोडलाच. कसं केलं, कशाने केलं, तेही जायचं. उरायच्या चार ओळी, आतल्या पानावर, आणि खाली मदतीसाठी फोन नंबर. एकदा मी एका सामन्याला ‘कंटाळवाणा’ म्हटलं, तर अख्खी कचेरी खी खी करून हसली. बाई हसल्या नाहीत.

तशा त्या कशालाच हसायच्या नाहीत. डबा एकट्याच खायच्या, खिडकीकडे तोंड करून. ती खिडकी ऐन थंडीतही उघडीच. माझे कागद उडायचे, मी कुरकुरायचो, त्या ढिम्म. घरी म्हातारी आई, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ती गेल्याचंही रजेच्या अर्जावरून कळलं. मला तर त्यांचा रागच यायचा. माणसानं इतकं मिटून राहावं का?

मग एका दुपारी एका वायरमनच्या मृत्यूची बातमी आली. आमचा बातमीदार भलता चलाख, बातमी फोडणी घालूनच आणायचा. ‘पत्नीच्या कटकटीला कंटाळून’, असा मथळाही त्याने तयार ठेवला होता. संपादकांना तो आवडला. पहिल्या पानावर घ्या म्हणाले.

“कटकट कोणी ऐकली?” बाईंनी विचारलं.

“शेजारी म्हणत होते.”

“कुठले शेजारी?”

“अहो बाई, आता कटकटीची काय पावती आणू?” बातमीदार म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो.

बाई उठून थेट संपादकांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

“साहेब, ही बातमी वाचताना कुठेतरी कोणीतरी एकटं बसलेलं असतं. आधीच खचलेलं. त्याला कसं केलं ते कशाला सांगायचं? आणि माणूस एवढ्या एका कारणानं जातो, हे आपल्याला काय माहीत?”

“बाई, कारणाशिवाय बातमी म्हणजे अळणी जेवण. दुसरा पेपर सगळं छापणार. आपण काय हात चोळत बसायचं?”

बाई न विचारता खुर्चीत बसल्या.

“माझा भाऊ गेला, तेव्हा छापून आलं होतं, ‘घरातील वातावरणाला कंटाळून’. माझ्या आईला जेमतेम वाचता यायचं. तिला वाटलं, वातावरण म्हणजे हवा. घर कोंदट होतं म्हणून पोरगा गेला. त्या दिवसापासून तिनं खिडकी लावू दिली नाही. थंडीत कुडकुडत बसायची, पण खिडकी उघडी. पडदे काढले, त्याची खाट उजेडात सरकवली. मी जीव तोडून सांगायचे, आई, त्याचं मन आजारी होतं गं, आपल्या कोणाला कळलं नाही. ती म्हणायची, ‘अगं, पेपरात छापून आलंय ना!’ जाताना सुद्धा मला विचारलं, ‘आता हवा खेळती आहे ना?’”

संपादक बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

“तुम्हाला हवं तसं लावा,” शेवटी ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या पेपरात सगळं आलं, कटकटीसकट, ठळक अक्षरात. बातमीदार तो पेपर माझ्यासमोर नाचवत म्हणाला, “बघा, झालं ना आपलं हसं!”

तेवढ्यात दारात एक अनोळखी स्त्री येऊन उभी राहिली. हातात आमचा अंक.

“मी त्या वायरमनची बायको,” ती म्हणाली. “लोक म्हणतात, पेपरात माझ्याबद्दल आलंय. आमच्याकडे हाच येतो. मला वाचता येत नाही. कोणी वाचून दाखवता का?”

बातमीदाराने हातातला पेपर गुपचूप ड्रॉवरमध्ये सरकवला. मला तो पहिल्यांदाच आवडला.

बाईंनी तिला खुर्ची दिली आणि चारही ओळी सावकाश वाचल्या. तो कामात चोख होता, असं बरोबरचे सांगतात. मागे पत्नी आहे. मन खचलं असेल तर या नंबरवर बोला.

“एवढंच?”

“एवढंच.”

“माझ्यामुळे गेला, असं कुठे?”

“नाही. कुठेच नाही.”

मग ती ढसाढसा रडली. “आदल्या दिवशी मी भांडले होते हो त्याच्याशी. गळक्या नळावरून.”

“भांडणं कोणाच्या घरात होत नाहीत?” बाई म्हणाल्या. “घरी सोबत कोण आहे?”

“कोणी नाही. येतात ते दारातूनच परत जातात.”

बाईंनी डबा उघडला, झाकणात निम्मं काढून तिच्यासमोर ठेवलं. “खा थोडं. मग मी येते तुझ्याबरोबर. त्या नंबरवर आपण दोघी मिळून फोन करू.”

तिने पदर खांद्यांभोवती आवळून घेतला. घास तोंडापर्यंत जाईना.

“थंडी वाजते का गं?” बाईंनी विचारलं. आणि उठून त्यांनी खिडकी लावून घेतली.