न पुसलेलं हसू

देओलिंदा आयाला ही आमच्या पुरुष वॉर्डातली सर्वांत लाडकी नर्स. पॅराग्वे नदीकाठच्या आमच्या गावात लोक म्हणायचे, दवाखान्यातल्या औषधापेक्षा देओलिंदाचं हसू लवकर लागू पडतं. घाबरलेल्या पेशंटसमोर आम्ही बाकीच्या नर्सा तिलाच पुढे करायचो. मग ती चादरींच्या खोलीत येऊन गाल चोळत बसायची. "घोड्यावरून उतरलेल्या गुराख्याच्या मांड्या दुखतात ना, तसे माझे गाल ठणकतात गं," म्हणायची. आम्ही हसायचो.

एका रविवारी दुपारी आमच्या वॉर्डातला पेशंट, होडीवाला क्रिस्पिन गेला. त्याची बायको फेर्मिना घरी सूप करायला गेली होती. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं ते मरण पाहिलं आणि तो थरथरायला लागला. देओलिंदा त्याच्याशी थट्टा करत, त्याला हसवत बसली. तेवढ्यात दारात सुपाचा डबा घेऊन फेर्मिना उभी राहिली. देओलिंदा उठून तिच्याकडे गेली.

तिचा चेहरा पाहून फेर्मिनाचा जीव भांड्यात पडला. "उठून बसला वाटतं?"

"काकू... ते गेले."

हे बोलतानाही तिच्या तोंडावर हसू तसंच होतं. पेटका यावा तसं आखडून बसलेलं. मी समोरच होते.

"मग हसतेस कसली गं मेले?" फेर्मिना ओरडली. देओलिंदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती भिंतीकडे वळली. सगळा वॉर्ड बघत होता.

मेट्रनबाई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस." पण ती बाजाराला जायची बंद झाली. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची आणि प्रार्थना संपायच्या आत निघून जायची.

क्रिस्पिनच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला मीच तिला ओढून नेलं. फेर्मिनानं आम्हा दोघींना गरम कोसिदोचा चहा दिला, चीजचा चिपा पाव दिला. देओलिंदानं कप तसाच खाली ठेवला.

"काकू, मी तुम्हाला हसत नव्हते हो."

"ठाऊक आहे मला. तू त्याचं किती केलंस तेही पाहिलंय. पण डोळे मिटले की तुझे दात दिसतात, पोरी. त्याचं तोंड दिसतच नाही. मी काय करू, सांग."

 देओलिंदा उठली, अंगणात गेली आणि पाहुण्यांचे उष्टे कप विसळत राहिली. फेर्मिनानं तिला थांबवलं नाही.

ती आजही वॉर्डातच आहे. सुई तितकीच हळू टोचते, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवताना तितकीच जपते. हसत मात्र नाही. मध्यंतरी एका नातेवाइकानं तक्रार केली, ही नर्स फार कोरडी आहे. मेट्रनबाईंनी तिला बोलावून घेतलं.

"कामात काही चुकलं का माझं, बाई?"

"काम चोख आहे गं. पण पूर्वीसारखी..."

देओलिंदानं मान खाली घातली. "ते तेवढं मला करायला सांगू नका," म्हणाली, आणि सलाइन बदलायला निघून गेली.