गिनतीवाली सिस्टर

माझ्या लेकीचं, वैशूचं अंग भट्टीसारखं तापलं होतं, बाहेर कर्फ्यू होता, आणि गिनतीवाली सिस्टर अँब्युलन्स घेऊन उत्तरेतल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या दारात आली होती. वैशू रक्त तपासायला हॉस्पिटलात गेली नाही, म्हणून.

“आखरी कॅप्सूल कब दी?”

“परवा,” मी म्हणाले. खोटं.

तिने खाटेखालचं लघवीचं भांडं ओढून बघितलं. “लाल है, बहनजी. आज सुबह दी है.”

वैशूला थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त, आणि त्यातून साचलेलं लोह काढायला पोटात सुई खुपसून रात्रभर पंप. त्याऐवजी गिळायची नवी कॅप्सूल निघाली होती. ती आमच्या मुलांवर तपासत होते. फॉर्म इंग्रजीत होता. मी चौथी पास. ऐटीत सही ठोकली. “साइन बहुत सुंदर है,” सिस्टर म्हणाली. “पढ़ा भी?” मग तिने बसवून एकच नियम पाठ करून घेतला: ताप आला की कॅप्सूल बंद आणि तडक हॉस्पिटल, कारण कधीकधी या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरतात.

दर आठवड्याला ती बाटल्यांतल्या उरलेल्या कॅप्सूल मोजायची. उरल्या तर चाचणीतून नाव कापतील आणि पुन्हा सुई, या भीतीने मी चुकलेल्या कॅप्सूल हॉस्पिटलला निघण्याआधी मोरीत सोडत असे. सगळ्याच आया सोडत. मोठे डॉक्टर रिकाम्या बाटल्या पाहून खूश. “अवर मदर्स, व्हेरी डिसिप्लिन्ड,” असं पाहुण्यांना सांगायचे. सिस्टर बाटलीवर विश्वास ठेवत नसे. औषध पोटात गेलं की लघवी लालसर होते, म्हणून ती आधी पोरांना संडासात पाठवायची. त्याच धाकाने मी तापातही कॅप्सूल चुकवली नव्हती.

त्या कर्फ्यूच्या दिवशी वैशूला नेताना नाक्यावर जवानाने तिची पिशवी अडवली. “इसमें क्या है?”

“पेशाब है, वीरजी. सूँघोगे?”

गाडी लगेच सोडली.

वैशूच्या पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या होत्या. ती कितीतरी दिवस वेगळ्या खोलीत, मी काचेबाहेर. सिस्टरने वहीत लिहिलं: आईने तापातही औषध दिलं, विचारल्यावर खोटं सांगितलं. मी भांडले, खोडा म्हणाले.

“नहीं काटूँगी. आप डर से झूठ बोलीं. बाकी माँएँ भी बोलेंगी. डॉक्टर को पता तो चले.”

वही घेऊन ती मोठ्या डॉक्टरांसमोर उभी राहिली. काय बोलली ते कळलं नाही, पण पुढच्या आठवड्यात सगळ्या आयांना हिंदीत सांगितलं गेलं: बाटलीत कॅप्सूल उरली म्हणून कुणाचं नाव कापणार नाही. त्या दिवसापासून बाटल्या उरलेल्या कॅप्सूलसकट येऊ लागल्या आणि डॉक्टरांचे सुंदर तक्ते बिघडले.

वैशूला मात्र ती कॅप्सूल पुन्हा मिळाली नाही. सुईच. आमची बदली झाली तेव्हा सिस्टर निरोपाला आली नाही. तिची मोजणी चालू होती.

सिस्टर वारल्याचं मागाहून कळलं. मी आहे. वैशूही आहे.