‘आहेस’मधला ‘स’

पोलीस खात्यात मी फार वर्षं नव्हते. उपनिरीक्षक म्हणून लागले, आणि घरच्या कारणांनी राजीनामा दिला तेव्हा माझ्या बरोबरीच्यांना पहिली बढतीही मिळाली नव्हती. हाताखालून गेलेल्या बहुतेक अर्जांचे तपशील आता पुसट झाले आहेत. हा एक अर्ज मात्र तारखेसकट डोक्यात बसला आहे. यातल्या माणसांची नावं मी देणार नाही. दोन्ही मुली तेव्हा अल्पवयीन होत्या आणि आज आपापल्या जागी नीट आहेत.

अमरावती शहरातल्या एका ठाण्यात माझ्याकडे सायबर तक्रारींचं टेबल होतं. मंगळवारी सकाळी एक वकील, त्यांची पत्नी आणि अकरावीतली मुलगी आले. वकीलसाहेबांनी स्क्रीनशॉटच्या छापील प्रती क्रमांक टाकून, टाचणी लावून आणल्या होत्या. एका निनावी खात्यावरून मुलीला महिनाभर घाणेरडे मेसेज येत होते. अक्षरं इंग्रजी, भाषा वऱ्हाडी. आदल्या दिवशीचा मेसेज असा होता : ‘तू नाटक करून राहिली आहेस. तुले वाटते कोणाले समजत नाही? चिंगे, तू गावठीच आहेस. रविवारपर्यंत मरून जा, नाहीतर मी सगळ्यायले दाखवते.’

चिंगी हे तिचं घरातलं नाव. तेही खरं वेगळं होतं, इथे मी बदललं आहे.

ठाण्यात अर्जदाराला एक प्रश्न ठरलेला असतो. मीही तो विचारला. “कोणावर संशय?”

आईने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी क्षणभरही न थांबता पुतणीचं नाव सांगितलं. ती तेल्हाऱ्याची, त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. भाऊ शेती करतो. मुलगी बारावीच्या क्लाससाठी दीड वर्षापासून यांच्याकडे राहत होती.

“घरातलं नाव बाहेर कोणाला माहीत असणार?” ते म्हणाले. “आणि भाषा बघा ना मॅडम. आमच्या घरात असं कोण बोलतं?”

मुलगी मान खाली घालून बसली होती. मी तिला विचारलं, “तुलाही तसंच वाटतं?” तिने खांदे उडवले. मी जबाबात पुतणीचं नाव लिहिलं, सह्या घेतल्या आणि अर्जाला आवक क्रमांक दिला.

दुसऱ्या दिवशी कळलं, वकीलसाहेबांनी त्याच संध्याकाळी पुतणीला बॅगेसकट तेल्हाऱ्याच्या बसमध्ये बसवून दिलं. बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर होती.

त्या निनावी खात्यामागे कोण आहे हे विचारणारं पत्र मी ॲप चालवणाऱ्या कंपनीला पाठवलं होतं, पण अशा पत्रांची उत्तरं यायला काही आठवडे लागतात. रविवार तर पाच दिवसांवर आलेला. बाहेरचा कुणी असेल आणि त्या दिवशी खरंच काही करायला आला तर? मी बीट मार्शलना त्या गल्लीत दिवसातून चार फेऱ्या मारायला सांगितलं. मुलीला क्लासला पाठवू नका, घरातच ठेवा, असंही मीच सांगितलं.

दरम्यान मुलीचं स्वतःचं खातं पाहिलं. त्यावर ती अमरावतीची नव्हतीच. नाव दुसरं, गाव पुणं. बोलणं अगदी घासूनपुसून. कॉफीचा कप, पुस्तकं, खिडकीतला उजेड, आणि फिल्टरमुळे दोन छटा उजळ झालेला चेहरा. हजारो लोक तिला ओळखत होते आणि त्यातल्या एकालाही तिच्या वडिलांचा गाव ठाऊक नव्हता. काही फोटोंच्या कडेला दुसऱ्या कुणाचा तरी कापलेला खांदा दिसत होता.

आमच्या ठाण्यातल्या महिला हवालदार, त्यांना सगळे ताईच म्हणायचे, माझ्या मागे उभं राहून बघत होत्या. “हे पोट्टी तुमच्यासारखी बोलते मॅडम,” त्या म्हणाल्या. “तुमी बी मराठी बोलता का बातम्या वाचता, समजतच नाई.” मी इंग्रजी शाळेत शिकले. वऱ्हाडी मला कळते, बोलायला गेले की लोक हसतात. म्हणून मी बोलत नाही.

शुक्रवारी पुन्हा मेसेज आला : ‘दोन दिवस राहिले आहेत.’

शनिवारी सकाळी मी साध्या वेशात, एक महिला शिपाई बरोबर घेऊन तेल्हाऱ्याला गेले. पुतणीचे वडील ओसरीत उभेच होते. बसा म्हणाले नाहीत.

“पोरीले चोरासारखं हाकललं माह्या भावानं,” ते म्हणाले. “आता तुमी नेता का बेड्या घालून?”

“नाही काका. फक्त विचारायचं आहे. तुम्ही इथेच बसा, तुमच्यासमोर बोलते.”

मुलगी आतून आली. रडून डोळे सुजले होते, पण नजर सरळ होती. मी तिचा फोन मागितला, तिने दिला. तिचे सगळे मेसेज देवनागरीत. मराठी शाळेतली मुलगी, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची तिला सवयच नव्हती. पण तेवढ्यावर कुणी सुटत नाही. मी छापील कागद तिच्यापुढे ठेवले.

तिने पहिला मेसेज ओठ हलवत वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. आणि त्या परिस्थितीतही तिला हसू आलं.

“हे कोनी लिवलं मॅडम? असं आमच्याकडं कोनी बोलतच नाई.”

“म्हणजे?”

“तू काय करून राहिली? बस, झालं. तू कुठं आहे? तू गावठी आहे. आमच्या तोंडून ‘आहेस’ निघतच नाई. बाबा, तुमी सांगा ना, कोनी म्हनते का?”

“पुण्याचे पावने म्हनतात,” काका म्हणाले.

“तुले, कोणाले, हे सारं बराबर लिवलं. अन् हा ‘स’ इसरला काढाले. हे कोनीतरी शिकून बोलून राहिलं. नाईतर…”

“नाहीतर काय?”

“नाईतर कोनीतरी इसरून गेलेलं.” आता ती हसत नव्हती. “मी अन् चिंगी, आमी दोघी लहान होतो तवा ते बी असंच बोले. दर सुट्टीत इथंच राहे. मंग आमी एक व्हिडिओ टाकला होता, वावरात नाचून राहिलो होतो, अन् ते मंधात बोलली होती आपल्या बोलीत. तिच्या शाळेतल्या पोरायनं तेच वाक्य पकडून तिले चिडवलं. सहा महिने. तवापासून ते माह्यासंग बी पुस्तकासारखी बोलते. फोटोतून बी मले कापते.”

मी कागद उचलले. घरातलं नाव माहीत असलेली, वऱ्हाडी कानात असलेली पण जिभेवरून गेलेली, गावठी या शब्दाने पोळलेली. अशी एकच व्यक्ती होती. ती व्यक्तीच मेसेज लिहीत असेल, तर ‘रविवारपर्यंत’ ही धमकी नव्हती. तिने स्वतःला दिलेली तारीख होती. आणि आम्ही तिला सुरक्षित ठेवायचं म्हणून घरात बसवलं होतं.

मी बाहेर येऊन चिंगीच्या आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग वडिलांना.

“मिसेस मोझरीला गेल्यात, नातेवाइकांचा कार्यक्रम आहे. मी ऑफिसात आहे,” ते म्हणाले. “काळजी करू नका, तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावलंय. कोणी येऊ शकत नाही.”

“किल्ली कुठे आहे?”

“माझ्याकडे. का?”

“हवालदार ताई पाच मिनिटांत तुमच्याकडे येतायत. त्यांना किल्ली द्या आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर जा. आत्ता.”

तेल्हाऱ्याहून अमरावती तीन तास. माझ्या आयुष्यातला सर्वात लांब रस्ता तो. ताईंना मी एवढंच सांगितलं होतं की मुलीला एकटं सोडू नका आणि काही विचारू नका. अकोट मागे पडलं तरी फोन नाही. मी स्वतःहून लावत नव्हते, कारण आपला फोन तिकडे नेमका नको त्या क्षणी वाजेल याची भीती होती. गाडीतली शिपाई मुलगी दोनदा म्हणाली, “मॅडम, पाणी प्या.” शेवटी फोन आला.

“मॅडम, पोरगी आहे,” ताई म्हणाल्या. मागे भांड्यांचा आवाज होता. “माह्यासाठी चहा करून राहिली. मी तिले म्हटलं, बाई, माह्या फोनात फोटो कसे टाकतात ते शिकव. तं मलेच म्हनते, काकू, तुमाले पासवर्ड बी येत नाई.” मग आवाज खाली करून म्हणाल्या, “तुमी सावकाश या. पण या.”

ताईंनी तिच्या टेबलाच्या खणातून एक वस्तू काढून आपल्या पर्समध्ये टाकली होती. ती काय होती ते इथे लिहिण्याचं कारण नाही.

मी पोहोचले तोवर आई परत आली होती. मुलीच्या खोलीत ती, आई आणि मी अशा तिघी बसलो, वडील दारात उभे. मी तिला तू लिहिलंस का असं विचारलं नाही. तेल्हाऱ्याला जाऊन आले, असं मी म्हणाले. बहीण हसली, म्हणाले, आणि का हसली तेही सांगितलं. मुलगी बराच वेळ चादरीचा दोरा ओढत राहिली.

“तिला राग आलाय?” तिने विचारलं.

“रडली आहे.”

“मी तिचं नाव नव्हतं सांगितलं.”

“नाही सांगितलंस. पण नाही असंही म्हणाली नाहीस.”

मग ती बोलली. “लोक कधीतरी लिहिणारच होते ना. मी खोटी आहे असं. मी आधीच लिहिलं की मग त्यांचं एवढं लागत नाही. पहिल्यांदा बरं वाटलं होतं.” मग म्हणाली, “आणि बाबांना दाखवलं तर बाबा माझ्या खोलीत तासभर बसले. कधीच बसत नाहीत.”

“म्हणजे आम्ही पोलिसांत खोटी तक्रार…” वकीलसाहेब सुरू झाले.

“तुम्ही गप्प बसा हो,” आई म्हणाली. ती मोठ्याने बोलली नव्हती, पण ते गप्प बसले. पुढच्या मिनिटाला ते दारातून आत येऊन खाली जमिनीवर बसलेले मी पाहिले.

त्याच संध्याकाळी मुलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. रविवार आई-वडिलांनी तिच्या उशाशी बसून काढला, मी ठाण्यात फोनजवळ. कंपनीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. निनावी खातं त्याच घरातल्या वायफायवरून चालत होतं. तोवर वडिलांनी अर्ज मागे घेतला होता. गुन्हा नोंदलेलाच नव्हता, त्यामुळे कागद एका ओळीत निकाली निघाला.

मला या प्रकरणाने काय शिकवलं हे लोक विचारतात, तेव्हा मुलांचे फोन तपासा, असं काहीतरी उत्तर त्यांना हवं असतं. त्या घरात फोन तपासलेलेच होते. वकीलसाहेबांनी मेसेजना क्रमांकही टाकले होते. मुलगी मेसेजमध्ये काय म्हणते आहे, ते मात्र कुणी वाचलं नव्हतं. मीही नाही. मी आरोपी शोधत होते.

पुतणी वकीलसाहेबांच्या घरी परतली नाही. अकोल्याला खोली घेऊन तिने परीक्षा दिली. चिंगीने तिला फोन केला, पहिल्या वेळी दोघी नुसत्या रडल्या, असं आईने मला सांगितलं. निकालानंतर मी पुतणीला भेटायला तेल्हाऱ्याला गेले. सरकारी काम नव्हतं. तुझं नाव विनाकारण आलं, माफ कर, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणाले, “कोणावर संशय, हा प्रश्न मी विचारायला नको होता.”

“तुमचं काय चुकलं? इचारनं तुमचं कामच आहे,” ती म्हणाली. “तुमी नसतं इचारलं तरी काकानं माहंच नाव घेतलं असतं.”

मला हायसं वाटलं. ते बहुधा माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

“पन मॅडम,” ती म्हणाली, “चिंगीनं मले सांगतलं, ते खांदे उडवून बसली होती ना तुमच्यासमोर? तवा तुमी लिवनं थांबवलं काहून नाई?”