तेलाचं झाकण

चौलच्या नाक्यावरचा आमचा मिस्त्री गाडीच्या रंगाकडे ढुंकूनही बघत नाही. खाऱ्या हवेत पत्रा सडणारच, तो ठोकून घेता येतो. इंजिनाचं तसं नसतं, असं त्याचं म्हणणं. 'छान' हा शब्द त्याच्या तोंडी नाहीच. फार खूश झाला तर म्हणतो, "चालंल."

मला जुनी डिझेल गाडी हवी होती. "म्हसळ्यात एक हाय," म्हणून तोच मला घेऊन गेला. गाडी चकचकीत होती. त्याने बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम का हाय?"

"आत्ताच बाजारातून आलो," मालक म्हणाला.

गरम इंजिन खोड लपवतं, म्हणून मिस्त्री पायरीवर बसला. इंजिन पार थंड झाल्यावर उठला, ते चालू केलं आणि तेल भरायच्या तोंडावरचं झाकण काढून तिथंच उलटं ठेवलं. आतून धुराचा दाब आला, झाकण थडथडलं आणि उडून खाली पडलं.

"इंजिन गेलंय. घेऊ नका."

आतून चहा घेऊन आलेली बाई जागीच थिजली. "दादा, माझ्याच दारात असं बोललास?"

मी हबकलो. हे त्याच्या सख्ख्या बहिणीचं घर होतं!

परतताना दिघीच्या फेरीबोटीत बसल्यावर मी कसंबसं विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी झाकण बघितलं नसतं, माझं तोंड बघितलं असतं."

मग खाडीकडे बघत म्हणाला, "भाऊबीजेला तिनं न्हाय बोलावलं, तरी चालंल."

त्याचं 'चालंल' मला पहिल्यांदाच खोटं वाटलं.