दहापैकी दोन

भाऊजी आर्णीच्या बाजारात कापसाचे दलाल होते. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता आणि भाऊजींना खोकला नव्हता. तरीही खोकल्याच्या औषधाच्या पाच-सहा बाटल्या ते रोज रिकाम्या करत. शेवटी बहिणीने मला बोलावून घेतलं आणि आम्ही त्यांना यवतमाळच्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं. नवव्या दिवशी भेटायला गेलो, तर ते थैली भरून खाटेवर बसलेले.

"हंगाम सुरू झाला. आज घरी जाऊन राह्यलो."

तिथल्या समुपदेशक ताई फुलसावंगीच्या, वयाने भाऊजींपेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी अडवलं नाही. खुर्ची ओढून म्हणाल्या, "जा ना भाऊ. पंधरा मिनिटं बोलू, मग जा. बाटली सोडावी असं दहापैकी किती वाटते?"

भाऊजींनी मला डोळा मिचकावला. "दोन."

दलाल पहिला आकडा खरा सांगत नाही. ताई आठ म्हणतील, आपण तीनवर तोडू आणि दुपारची एसटी पकडू, असा त्यांचा बेत होता.

"दोन काहून?" ताई म्हणाल्या. "शून्य काहून नाही?"

आपण कमी सांगितलं की समोरच्याने वर जायचं असतं. ही बाई आणखी खाली उतरली होती. भाऊजी गडबडले.

"शून्य कसं म्हणता बाई? शून्य तर नाहीच."

"मग दोन कायचे, ते सांगा."

त्यांनी उजवा तळहात पुढे केला. "ढिगात हात घातला का कापूस किती ओला, मले समजे. मागच्या हंगामात समजलंच नाही. हात लाकडासारखा झाला. आता व्यापारी माह्या मागून दुसऱ्याले हात घालाले लावतात."

"म्हणजे हात वापस पाहिजे."

"तुम्ही दलालीच कराले पाहिजे होती," भाऊजी वैतागले. "तीन लिहा."

"मी काही लिहून नाही राह्यली, भाऊ."

थैली खाटेखाली गेली. एसटीही गेली.

दोन आठवड्यांनी गेलो, तेव्हा भाऊजी केंद्रात नुकत्याच भरून आणलेल्या एका गादीत, उसवलेल्या शिवणीतून हात खुपसून बसले होते. "ताई, गादीवाल्यानं फसवलं तुम्हाले. कापूस ओला भरला."

ताईंनी हात घातला, मीही घातला. आम्हा दोघांना गादी कोरडीच वाटली. भाऊजींनी ती अंगणात उन्हात टाकायला लावली. अर्ध्या तासाने उचलली, तर खालच्या फरशीवर ओलसर चौकोन उमटलेला.

ताईंनी विचारलं, "आता दहापैकी किती, भाऊ?"

"आधी तुम्ही सांगा," भाऊजी म्हणाले.